चौदा नंबरचा वाफा

शनिवार, १६ तारीख

ती. आईस,

नमस्कार. गुडघ्यांना तेल लावतेस ना?

महिना उलटून गेला, पण एका प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही. त्या सकाळी बांधावर तू खरं का सांगितलं नाहीस? दोन शब्द बोलली असतीस तरी पुरलं असतं. मी खूप विचार केला. कधी वाटतं कळलं, आणि दुसऱ्या दिवशी वाटतं काहीच कळलं नाही.

हे पत्र ताईकडून वाचून घेऊ नकोस. तूच वाच. अक्षर मोठं काढलंय. अडलीस तर थांब, चहा घे, मग पुढे वाच, कुणी परीक्षा घेत नाहीये. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू "बरंय, बरंय, तुझं काम कर" म्हणून ठेवून देतेस आणि मलाही ते सोयीचं जातं.

इकडे सगळं ठीक आहे. खिडकीची कडी बसवून घेतली. तू घासून ठेवलेली भांडी इतकी चकचकीत झालीत की शेजारची टायपिस्ट म्हणाली, "नवीन घेतलीस का गं?" कांद्याची पात आता माना टाकायला लागली आहे. पंधरा दिवसांत काढणी.

तुला माझं काम नीट समजावून सांगितलं नाही, ही पहिली चूक माझी. पहिल्या दिवशी तू म्हणालीस, "म्हणजे आमच्या हातचं काम काढून घ्यायला शिकलीस होय?" आणि मी भाषणच ठोकलं. बायकांना दिवस दिवस उकिडवं बसायला लागू नये, कमरा आणि गुडघे शाबूत राहावेत, तण मारायचं औषधही कमीत कमी फवारावं लागावं. तू हसून ऐकून घेतलंस. पण त्या भाषणात मुख्य गोष्ट राहिलीच.

इथल्या संशोधन केंद्रात आमच्या प्रयोगाचे कांद्याचे पंधरा वाफे आहेत. तीन वाफ्यांत नुसता पेंढा अंथरलाय, तिनांत एकदा औषध फवारलंय, तिनांत दोन्ही केलंय, तीन रोजावरच्या बायका हाताने खुरपतात. उरलेल्या तिनांना कुणी हात लावायचा नाही. तिथे तण मनसोक्त वाढू द्यायचं. काहीच केलं नाही तर तण किती कांदा खातं, हे कळल्याशिवाय बाकीच्या उपायांनी किती वाचवला ते सांगता येत नाही. तो रानटी वाफा म्हणजे आमचं माप आहे.

चौदा नंबर त्यातलाच.

तू पाटीवरचं माझं अक्षर ओळखलंस. आजूबाजूचे वाफे नीटनेटके आणि लेकीचं नाव लिहिलेला तेवढा गवताने भरलेला. तुला वाटलं असणार, पोरगी कामात मागे पडली, साहेब बोलतील. मी पिशव्या आणायला ऑफिसात गेले होते, दीड तास लागला. तेवढ्यात तू वाफा आरशासारखा करून ठेवलास. पाहुणी म्हणून येताना पिशवीत स्वतःचं खुरपं घालून कोण येतं, आई?

मग सर आले, रागावले, आणि तू दुपारच्या गाडीने गेलीस. कोंबड्यांकडे बघायला कुणी नाही म्हणालीस.

तू गेल्यावर मी एक गोष्ट केली, जी मला कुणी सांगितली नव्हती. दर सोमवारी चौदा नंबरच्या वाफ्यात लाकडी चौकट ठेवून तण मोजत राहिले. तो वाफा प्रयोगातून बाद झाला होता, तिथे मोजून काही उपयोग नव्हता. पण बांधावर तुझा ढीग पाहिला होता. साधं गवत एका बाजूला आणि लव्हाळा वेगळा, प्रत्येक काडी खालच्या गाठीसकट. आमच्या बायका लव्हाळा वरून ओढतात, गाठ मातीत राहते, आठ दिवसांत पुन्हा हिरवं. त्यांच्या वाफ्यांत एका चौकटीत सव्वीस, एकतीस असे आकडे आले. तुझ्यात चार. पुढच्या सोमवारी पाच. मी तीन वेळा मोजलं. पुस्तकात या गाठीवर दोन पानं आहेत, मी ती पाठ केली होती. पण गाठ न तुटता बाहेर कशी काढायची, ते त्या दोन पानांत नाही.

इतकं लिहून मी उठले, पाणी प्यायले, परत बसले. वर मी "सर आले, रागावले" असं एका ओळीत उरकलंय. ते तसं झालं नाही, हे तुला माहीत आहे, पण मी ते लिहायला हवं.

सरांनी विचारलं, "हा वाफा कुणी साफ केला?"

मला दोन गोष्टी माहीत होत्या. कुंपणाच्या आत बाहेरच्या माणसाला न्यायला मनाई आहे आणि तुला मी नेलं होतं. आणि माझी नेमणूक एका वर्षाची आहे, ती पुढे चालवायची की नाही हे सर लिहिणार आहेत. मी म्हणाले, "रोजावरच्या कुणी बाईने केला असेल, सर. यांना कितीही सांगा."

'यांना' म्हणाले मी. तू दहा पावलांवर उभी होतीस, लुगड्याचा काठ ओला, हातात खुरपं.

सर तुझ्याकडे वळले. "बाई, नवीन आहात का? पाटी वाचता येत नाही तर विचारायचं तरी."

तू माझ्याकडे बघितलंस. मी पाटीकडे बघत राहिले. मग तू म्हणालीस, "चुकलं साहेब."

"उद्यापासून यांना इकडे पाठवू नका," सर म्हणाले.

आणि मी म्हणाले, "हो सर."

घरातली पहिली पदवीधर मी. माझ्या फीसाठी तू कुणाकुणाच्या शेतात बसून खुरपलंस. त्या बाईला ओळख दाखवायची वेळ आली तेव्हा मी "हो सर" म्हणाले. संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं, 'वाफा १४: मजुराच्या चुकीमुळे बाद', आणि खाली सुबक सही केली.

तू म्हणशील, जाऊ दे, एवढं काय त्यात. म्हणू नकोस. या वेळी नाही.

आज सकाळी आमची आठवड्याची बैठक होती. सगळे होते: सर, दोघे सहायक, टायपिस्ट, आणि बायकांची मुकादमीण, तिला मी मुद्दाम बोलावलं होतं, कारण ठपका तिच्या बायकांवर होता. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, चौदा नंबरचा वाफा रोजावरच्या बाईने नाही, माझ्या आईने खुरपला. तिला आत मी नेलं. खोटं मी बोलले.

मुकादमीण म्हणाली, "मला वाटलंच होतं. आमच्यातलं कुणी इतकं नेटकं करत नाही." कुणीतरी हसलं.

सरांनी चष्मा काढला. पुसून परत लावला. "मी त्यांना काय बोललो होतो?"

"इकडे पाठवू नका, म्हणालात."

"हं." मग म्हणाले, "नियम मोडलात, वर खोटी नोंद. मला वर कळवावं लागेल. नेमणुकीचं मी आता काही सांगू शकत नाही."

"हो सर," मी म्हणाले. या वेळी ते शब्द जड गेले नाहीत.

त्या सोमवारांचे आकडेही मी त्यांच्यापुढे ठेवले. तो कागद त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतला.

बैठकीनंतर नोंदवही मागून घेतली. जुनी ओळ खोडली, वाचता येईल अशी एकच रेघ मारून, कारण नोंद पुसायची नसते. खाली लिहिलं: 'वाफा १४, माझ्या आईने हाताने खुरपला. लव्हाळा गाठीसकट काढला.' पुढे तुझं पूर्ण नाव लिहिलं, आजची तारीख घातली आणि सही केली.

नोकरी राहील की जाईल ते ठाऊक नाही. वही मात्र कपाटात परत गेली आहे, कुलूप सरांनी स्वतः लावलं.

तिथे उभी असून जिने तुला ओळख दाखवली नाही,
ती तुझी
धाकटी