युद्धनौकेच्या पाठवणीचे फोटो परत मिळणेबाबत

प्रति,
मा. बंदर निरीक्षक साहेब,
खारवटे बंदर, जि. रत्नागिरी.

अर्जदार : विनोद कवडूजी कलंबे, लग्नाचे फोटोग्राफर, रा. पांढुर्णा (म.प्र.)

विषय : जप्त केलेले कॅमेऱ्याचे कार्ड परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या सुरक्षा रक्षकाने अर्जदारास धक्क्यावर दिलेली तोंडी ताकीद.

महोदय,

सविनय निवेदन असे की, आमच्याकडे कचेरीचा कारभार हिंदीत चालतो. बंदर महाराष्ट्रात पडले म्हणून हा अर्ज मराठीत आहे. अर्जदारास लग्नपत्रिकेपलीकडे लिहिण्याची सवय नाही, तेव्हा हे काम शेजारी या नात्याने माझ्या गळ्यात पडले. चुका माझ्या, गाऱ्हाणे त्यांचे.

१. अर्जदार पंचवीसेक वर्षांपासून पांढुर्णा, सौंसर, मोहगाव भागात लग्नाचे फोटो काढतात. सावरगावच्या निम्म्या पोरी सासरी गेल्या त्या त्यांच्या कॅमेऱ्यासमोर रडून. त्यांची एकुलती एक मुलगी चि. प्रणाली नौदलात भरती झाली. जिने जाम नदीपेक्षा मोठे पाणी पाहिले नव्हते, ती पोरगी समुद्रावर गेली, याचा अर्जदारास अभिमान आहे आणि धडकीही आहे. ती घरून निघाली त्या दिवशी नेमके मोहगावचे लग्न होते. दुसऱ्याच्या मुलीची पाठवणी टिपली गेली, स्वतःच्या मुलीची राहिली. तिच्या आईने, सौ. तृप्ती यांनी, हा विषय घरात अजून मिटू दिलेला नाही.

२. तिची युद्धनौका आपल्या बंदरात दोन दिवस थांबणार असे कळताच अर्जदार कॅमेरा आणि मुलीसाठी संत्र्यांची पेटी घेऊन निघाले. (नौकेचे नाव देशहितास्तव येथे लिहिलेले नाही. आपणास माहीत आहेच.) प्रणालीला खाली उतरण्याची सुट्टी मिळाली नाही. नौका येताना अर्जदारांनी लोकांच्या गर्दीतून फोटो काढले, त्यास कोणाची हरकत नव्हती. मात्र नौकेला ओढणारी लहान बोट मध्येच आली, तेव्हा "साहेब, जहाज जरासं मांगं घ्या ना, अन् पुन्हा येऊ द्या," अशी विनंती त्यांनी रक्षकास केली. त्यात थट्टा नव्हती. आमच्याकडे हार घालतानाचा फोटो चुकला तर नवरा-नवरी निमूटपणे पुन्हा हार घालतात.

३. नौका परत निघाली त्या सकाळी सगळे नौसैनिक पांढऱ्या गणवेशात कठड्याशी ओळीने उभे होते. ज्वारीचे दाणे मांडावेत तसे सगळे सारखे. यात आपली कोणती, हे लांबून कळेना. अर्जदार दोरी ओलांडून पुढे गेले आणि तेथील लाकडी खोक्यावर चढले. दोरी दिसली नाही असे ते म्हणत नाहीत. पण मांडवात फोटोवाल्याला कोणी अडवत नाही, भटजीसुद्धा जरा सरकून घेतात. दोरी इतरांसाठी असते, असा त्यांचा इतक्या वर्षांचा समज. खोक्यावरून ते धंद्याच्या सवयीने ओरडले, "प्रणे, इकडं पाय! हास ना वं!" (आमच्याकडे 'पाय' म्हणजे पाहा.)

४. फोटो निघाला आणि त्याच क्षणी रक्षकाने त्यांना दंडाला धरून खाली उतरवले व कार्ड काढून घेतले. रक्षक भला माणूस होता. "यात तुमची मुलगी कोणती ते दाखवा, मग पाहू," एवढेच तो म्हणाला. अर्जदारांनी दाखवली नाही. मग मुलगी-बिलगी काही नाही, हा माणूस हेर आहे, असा रक्षकाचा ग्रह झाला. हेर संत्र्यांची पेटी खांद्यावर घेऊन फिरत नाही, एवढे मी स्वतःच्या जबाबदारीवर नमूद करतो.

५. फोटोत नौका असणे हीच अडचण असल्यास अर्जदार ती पुसून देण्यास तयार आहेत. प्रणालीच्या मागे जामसांवलीचे मंदिर अथवा बहरलेला संत्र्याचा बगीचा लावून देण्याची सोय त्यांच्या स्टुडिओत आहे. फोटो शत्रूच्या हाती पडला तरी त्यास संत्र्यांपलीकडे काही कळणार नाही. तोफांचे फोटो अर्जदारांनी काढलेलेच नाहीत. त्या हसत नाहीत, असे ते म्हणाले.

६. मुलगी का दाखवली नाही, हे लिहू नका म्हणून अर्जदार माझ्यापुढे हात जोडून बसले आहेत. पण ते गाळले तर अर्जात उरते काय? साहेब, त्या ओळीत सगळ्यांच्या माना सरळ आहेत. एकच मान वळलेली आहे. फोटोच्या दुकानात वाढलेली पोर ती. बापाची हाक आली आणि मान वळली. वळली आणि हसलीसुद्धा. अर्जदारांनी तिच्यावर बोट ठेवले असते तर कार्ड मिळाले असते, आणि शिस्त मोडली म्हणून पोरीला वरिष्ठांनी जाब विचारला असता. म्हणून त्यांनी हेर ठरणे पत्करले. हे कलम वाचून झाल्यावर आपण विसरून जावे, ही विशेष विनंती.

७. कार्ड परत देण्यासाठी नौदलाला विचारावे लागणार असेल, तर हा अर्ज केलाच नाही असे समजावे. कार्ड आपल्या कपाटात राहू द्यावे आणि कोणाला काही विचारू नये. मात्र सौ. तृप्ती अर्जासोबत येत आहेत, आपण हे वाचाल तेव्हा बाहेर बाकावर बसलेल्या असतील. त्यांना ती ओळ एकदा दाखवावी. त्या बोट ठेवणार नाहीत. "मी पायीन अन् चूप बसीन," असे घरूनच ठरवून निघत आहेत. तरीपण आईचे डोळे एका ठिकाणी थांबणारच. तेवढा वेळ आपण कृपा करून खिडकीतून समुद्राकडे पाहावे.

यापुढे आपली दोरी न ओलांडणारा, नम्र,
विनोद कवडूजी कलंबे (सही)

अर्ज लिहून देणार : शालिकराम, शेजारी
पांढुर्णा, दि. १४ डिसेंबर २०२५

सोबत : संत्र्यांची पेटी, एक. ही लाच नव्हे. आपणास चालत नसल्यास त्या रक्षकास द्यावी; त्याने अर्जदाराला खाली ओढताना कॅमेरा पडू दिला नाही.