आईचा ब्लॉक

३ फेब्रुवारी

—रजिस्टर माझ्याकडे फिरवून लॅबमधल्या रामकिसनने एका ओळीवर बोट ठेवलं. "ब्लॉक नाय मॅडम. दोन वर्षं झाली नेऊन. सही हाय बघा."

प्रफुल्लदादाची सही. शेवटची रेघ लांब ओढलेली.

ब्लॉक म्हणजे आईच्या गाठीचा नखाएवढा तुकडा, मेणात बसवलेला. माझ्या स्तनातल्या गाठीचाही आता तसाच आहे. डॉक्टरांना दोन्हींची जनुकं तपासायची होती — दोष एकच का, आईकडून आलेला का. म्हणून पालघरला गेले.

"घरीच आसल," रामकिसन म्हणाला. "आसलं कोन टाकतो?"

४ फेब्रुवारी

दादाला फोन केला नाही.

५ फेब्रुवारी

बोईसरला गेले. वहिनी चहा टाकायला उठली ती बाहेर आलीच नाही.

"चिंचणीला सोडला, समुद्रात," दादा म्हणाला. "आईचं राहिलेलं ते. अस्थी गेल्या, आणि ते कपाटात ठेवायचं?"

मला भरून आलं. त्या क्षणी तो मला फार जवळचा वाटला, हेही लिहून ठेवते.

मग विचारलं, "पण लॅबमधून आणलास कशाला?"

त्याने उठून फाइल आणली. आईच्या तुकड्याची तपासणी त्याने तेव्हाच मुंबईत करून घेतली होती. शेवटची ओळ: दोष आनुवंशिक असण्याची शक्यता, मुलांची रक्ततपासणी करावी.

"तू केलीस?"

"केली. माझ्यात नाही."

"आणि मी?"

"तुझ्या रिद्धीची दहावी होती, दीपा. म्हटलं परीक्षा होऊ दे. मग राहिलं."

राहिलं!

६ फेब्रुवारी

दहावी मार्चमध्ये संपली. निकालाचे पेढे मीच नेऊन दिले. त्याने दोन खाल्ले, तिसरा खिशात टाकला.

तेव्हा कळलं असतं तर दर वर्षी तपासून घेतलं असतं. गाठ लिंबाएवढी होईपर्यंत थांबले नसते.

९ फेब्रुवारी

दादाचे सात फोन. घेतले नाहीत. असा माणूस समोर बसून जेवतो कसा?

१९ फेब्रुवारी

माझा रिपोर्ट आला. आईच्या रिपोर्टशी ताडून पाहिला. दोष तोच.

डॉक्टर म्हणाले, "मुलीची तपासणी अठरा पूर्ण झाल्यावर. पण तिला सांगा आताच. लपवू नका."

२० फेब्रुवारी

सकाळी रिद्धीला बारावीच्या पेपरला सोडलं. गेटपाशी तिने विचारलं, "आई, रिपोर्ट आला?"

"नाही अजून," म्हटलं. "तू पेपरकडे लक्ष दे."