तारेपलीकडची वाट

गुरुवार, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. रात्र.

सौर प्रकल्पाचा गावावर काय परिणाम झाला, याची प्रश्नावली घेऊन विद्यापीठाची संशोधक मुलगी आज आली होती. स्त्रियांसाठीच्या प्रश्नांनाही मीच उत्तरे दिली. माझी पत्नी सुमन हृदयविकाराने गेली, त्यास सात महिने झाले. दुसरे कोण देणार?

"प्रकल्पाचे कुंपण झाल्यापासून घरातील स्त्रीला शेतात जाण्यास किती वेळ अधिक लागतो?"

"दहा मिनिटे," मी ठामपणे सांगितले. तिने लिहून घेतले.

शेजारची गोदाबाई मेंढ्या घेऊन परतत होती. ती ओट्यापाशी थांबून हसली. "गुरुजी, धा मिंटं तुमच्या फटफटीला! काकू तारेपाशी दोन डाव बसायच्या, छातीला हात लावून. तुमाला सांगितलं न्हाई व्हय?"

नाही सांगितले. की सांगितले, आणि मी ऐकले नाही? ग्रामसभेत शेताकडची जुनी वाट प्रकल्पाला देण्याच्या बाजूने मीच भाषण केले होते. घरी आल्यावर सुमन आपल्या माहेरच्या वऱ्हाडीत एवढेच म्हणाली होती, "आमची वाट काहून देऊन राहिले?" मी हसलो होतो.

मुलगी गेल्यावर कुंपणाच्या कडेने पायी निघालो. जुन्या वाटेपेक्षा पाऊण तास अधिक लागला. दोन ठिकाणी दगडावर सपाट दगड ठेवून बसण्यापुरती जागा केलेली होती. पहिल्या ठिकाणी बसलो. दुसऱ्या ठिकाणी बसवले नाही.

परतल्यावर त्या संशोधक मुलीला दूरध्वनी केला. "दहा मिनिटे खोडा. पाऊण तास लिहा."

"बरं सर. उत्तर कोणी दिलं म्हणून लिहू?"

मी सुमनचे नाव सांगितले.