दादाच्या खिडकीतलं झाड

४ ऑक्टोबर

दादाचा फोटो आला! नोकरी गेल्याच्या लाजेनं घर सोडून गेला, त्यानंतर पहिल्यांदाच. खाली एवढंच — 'बरा आहे. खिडकीतून हे झाड दिसतं. शोधू नका.' उलट फोन लावला तर बंद. फोटोत एक उंच, सडपातळ झाड. बाकी नुसतं आभाळ.

'झाडावरून माणूस सापडतो का गं?' आई म्हणाली. डॉक्टरांनी तिची आशा सोडलीय, हे दादाला कुठे माहीत आहे!

५ ऑक्टोबर

मामा म्हणाला, 'सुरूच तो! डोळे झाकून सांगतो.' डोळे झाकूनच सांगितलं त्यानं. फोटो मोठा केला तर पानं रुंद, त्रिकोणी. सुरूला अशी पानं कुठली!

९ ऑक्टोबर

पॉप्लर! नर्सरीवाल्या बाईंनी सांगितलं — सरळसोट वाढणारी जात. आमच्या शिवण-कारखान्यामागे असाच एक आहे. जेवणाच्या सुट्टीत फोटो घेऊन त्याच्याखाली उभी राहिले. खोड करडं, भेगाळलेलं. फांद्या पार खालपासून निघून खोडाला बिलगून वर गेलेल्या. पानाचा देठ चपटा, म्हणून जराशा वाऱ्यानंही पान थरथरतं. सगळं जुळलं. फक्त फोटोत शेंड्याजवळ एक फांदी रुसल्यासारखी बाहेर आलीय. ती इथे नाही.

१७ ऑक्टोबर

दुपारी कारखान्यामागच्या झाडाखाली उभं राहून खुणा घोकायच्या, संध्याकाळी, दादा याच शहरात असेल या आशेवर, शहरभर हिंडायचं. कालव्याकाठी तर पॉप्लरची रांगच्या रांग! नर्सरीवाल्या बाई म्हणाल्या, 'एकाच झाडाच्या फांद्या तोडून लावतात. वेगळे दिसतील कसे?'

मी हात टेकले. घरी येऊन पोटभर रडले.

२५ ऑक्टोबर

आईनं आज पाणीही घेतलं नाही.

२ नोव्हेंबर

पानं गळाली. आता ओळखायचं तरी कशावरून? आईला म्हटलं, 'सापडेल गं.' तिनं कूस बदलली. तिलाही कळतं, मी खोटं बोलतेय ते. काही उरलं नाही आता.

६ नोव्हेंबर

आज पहिल्यांदाच कारखान्याच्या गच्चीवर पाठवलं, कापड वाळत घालायला. वरून आमच्याच पॉप्लरचा शेंडा दिसला — आणि ती रुसलेली फांदी! खालून ती दिसायचीच नाही. झाडापलीकडे लॉज. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीत, गालाला साबणाचा फेस लावून दादा! माझ्याकडेच बघत.

म्हणजे रोज दुपारी बघत होता. झाडाखाली, फोटो हातात घेऊन उभी असलेली मी. आणि हाक मारली नाही त्यानं!

मी मारली.