दादासोंचा खण

सातारा, रविवार

प्रिय क्रांती,

काकूंच्या दहाव्याला कुंडलला आले, पण तुझ्याशी धड बोलले नाही. गर्दीचं निमित्त झालं, खरं तर तुझ्याकडे बघायचं धाडस नव्हतं. सूरज गुजरातहून पोचला तोवर माती उरकली होती. लेकाची वाट बघतच काकू गेल्या. अंगणात तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "राजू, माझ्या भावाचा राजीनामा येवढ्या घाईनं मंजूर कुनी केला गं? तू त्याच कंपनीत हायस, बघून सांग." मी नुसती मान हलवली आणि एसटी पकडली.

आमच्या ऑफिसातले दादासो तुला आठवत असतील, फौजेतून आलेले, मिशीवाले. सगळे कागद त्यांच्या हातून जायचे. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी मला लीनच्या, म्हणजे कामातला वाया जाणारा वेळ काढून टाकायला शिकवणाऱ्या, शिबिराला धाडलं आणि परत येऊन मी नव्या सुनेच्या उत्साहानं ऑफिस आवरायला घेतलं. भिंतभर कागद लावला, कुठला अर्ज कुठून कुठं जातो ते पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहिलं, घड्याळ घेऊन अर्जांच्या मागं फिरले. हसशील तू, पण रजेच्या साध्या अर्जाला नऊ दिवस लागायचे! आम्ही तो वीस मिनिटांवर आणला. कामगार लय खूश होते गं. ते काम वाईट नव्हतं, हे मी अजूनही म्हणते.

राजीनामे मात्र दादासोंच्या खणात दोन-दोन दिवस पडून असायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "आवं म्याडम, रागात लिव्हल्यालं असतंय. दोन दिस ठिवतो, मग जाऊन चा पाजतो. निम्मी पोरं फाडून टाकत्यात." मी ऐकून घेतलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'विनाकारण थांबणं'. वर लाल फुली मारली. कारण नुकतंच कानांनी ऐकलं होतं, तरीसुद्धा! दादासोंनी खण रिकामा केला आणि किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. त्यानंतर राजीनामे मोबाइलवरच भरायचे आणि मंजुरी आपोआप यायची.

एका शनिवारी सूरजचं सुपरवायझरशी वाजलं. त्यानं तिथंच मोबाइलवर राजीनामा भरला आणि चहाची सुट्टी संपायच्या आत तो मंजूरही झाला. सोमवारी तो डबा घेऊन नेहमीसारखा गेटवर आला, तर कार्ड चालेना. वॉचमननं मला फोन केला, सूरज म्हणतोय, चुकलं माझं, मागं घ्यायचंय. त्याच सकाळी मोठे साहेब माझा भिंतीवरचा तक्ता बघायला यायचे होते. त्यांच्या कानावर घातलं असतं तर झालं असतं. पण आपल्याच नव्या पद्धतीतली चूक त्यांना कशी दाखवायची? आता काही होत नाही म्हणून सांग, असं म्हणून मी फोन ठेवला. खिडकीतून दिसत होता. अर्धा तास उभा होता, डबा या हातातून त्या हातात घेत. मग गेला. काकूंना तोंड कसं दाखवू म्हणून परस्पर गुजरातला निघून गेला, हे तुझ्याकडूनच कळलं.

तू नाव विचारलं होतंस. मंजुरीखाली कुणाचंच नाव नाही, ती सही मीच काढून टाकली होती. आणि गेटवरून त्याला परत पाठवणारीही मीच. याआधी दोन पत्रं लिहून फाडली. आता तुला राग येईल, यायलाच हवा. फक्त उत्तर लगेच लिहू नकोस. दोन दिवस तुझ्याजवळ राहू दे. त्यानंतरही मी नकोशी वाटले, तर तसं लिही. ते मी मंजूर करीन.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
राजेश्वरी