भाकरी थापायची कुणासाठी?

४ जाने.
सकाळी पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि मनात आलं, मंगल, हे कशापायी? नितीनच्या शिक्षणासाठी कडक भाकरीचा धंदा काढला. तो पुण्याला नोकरीला लागला, लग्न झालं. चूल आपली पेटतीच. ह्यांना विचारलं, "जगायचं कशासाठी ओ?" म्हणाले, "पित्त झालंय तुला. जिरं चाव." चावलं. फरक नाही.

९ जाने.
नि.चा फोन. "आई, लई झालं. बंद कर, पुण्याला या दोघं." तिथं काय करू? "आराम." आराम म्हणजे नक्की काय करायचं असतं? हसला. मी हसण्यासारखं काय बोलले?

१५ जाने.
घात झाला. दुकानातनं सगळा माल परत. बुरशी. भाकरी वाळली का बघायला दोन भाकऱ्या एकमेकींवर वाजवायच्या, खण्ण वाजली की मगच भरायची. ह्या खेपेला मी वाजवल्याच नाहीत. डोक्यात तेच, कशापायी, कशापायी. रेहाना, माझ्यासोबत पहिल्यापासून थापणारी, एवढंच म्हणाली, "ताई, ध्यान किदर है तुमारा?"
धंदा बंद म्हणून सांगून टाकलं. रागानं तवा चुलीवर पालथा घातला. ह्यांनी गुमान सरळ केला. "कुणी मेलं नाही अजून घरात."
नाही कसं?

२२ जाने.
सत्संगाला गेले. महाराज म्हणाले, मी कोण हे आत शोधा. बाया डोळे मिटून शोधत होत्या. मला गुडघा दुखतोय एवढंच सापडलं. घरी येऊन कपाट आवरलं. आवरलेलंच. मग रडले.

२७ जाने.
रेहाना आली. दुसरीकडं काम धरलंय, सोमवारपासून. नको जाऊ म्हणायचं होतं, म्हणाले, "जा की." मग विचारलं, तुला कधी वाटतं का गं, हे सगळं कशाला? "रोज वाटता. फिर?" म्हणाली आणि चहा प्याली.
इतकी वर्षं शेजारी बसून बोलली नाही बया!

३१ जाने.
उद्या नि. न्यायला येणार, पुण्याला. सूनबाईंचा फोन. "आई, इथं तुम्ही काहीच करायचं नाही हं." इतक्या मायेनं कुणी मला घाबरवलं नव्हतं.

१ फेब्रु.
नि. गाडी घेऊन आलाय. बॅगा डिकीत. हे पुढच्या सीटवर बसलेसुद्धा. हॉर्न वाजतोय. रेहानाला फोन लावला होता, उचलला नाही. कामावर असेल.
पुन्हा हॉर्न. उठायला तर पाहिजे. गाडीकडं का चुलीकडं, तेवढं कळंना.