दादाची मज्जा आणि माझा पराक्रम

प्रिय धाकटोबा,

भरपूर आशीर्वाद. तुझी गुडघेदुखी आणि त्या गुडघ्यावरची तुझी भाषणं, दोन्ही कमी झाली असावीत. परवाच्या पराक्रमाचा मला खरा खर्च किती आला ते आधी सांगतो: नव्या शर्टाची दोन बटणं, पायजम्याची नाडी आणि तुझ्या वहिनीसमोरची उरलीसुरली अब्रू.

झालं असं, की दादाच्या थोरलीचा फोन आला. (ती रक्त कसं तयार होतं यावर संशोधन करते; आता अभ्यासाला घरातलाच माणूस मिळाला.) रडवेली होऊन म्हणाली, “काका, बाबांची मज्जा बंद पडलीय.” मी म्हटलं, “अगं, साठीला आला तो, आता आणखी किती करायची?” (माझे कान किती तिखट आहेत तुला ठाऊक आहे. लेथ बिघडायच्या आधी मला तिच्या आवाजावरून कळतं. पण शब्दच दुहेरी निघाला तर कानांनी काय करायचं?) मग ती ओरडली, “हाडातली मज्जा हो, काका!” आणि रडता रडता हसायला लागली.

तिने समजावलं ते मी वर्कशॉपच्या भाषेत समजून घेतलं. हाडांच्या पोकळीत एक कारखाना असतो. मूळ पेशी हा एकच कच्चा माल, त्यातून लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणारे बारके कण असा तिन्ही तऱ्हेचा माल बाहेर पडतो. दादाच्या कारखान्याने उत्पादनच थांबवलंय. सख्ख्या भावाची मज्जा जुळली तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो. मी म्हटलं, जुळणारच! दादा आणि मी एका साच्यातले. तेच नाक, तेच टक्कल, तोच हट्ट.

दुसऱ्या दिवशी तुझ्या वहिनीला घेऊन दादाच्या हॉस्पिटलात गेलो. पडद्याआड दोघी नर्सबाई बोलत होत्या. “लांबवाली घे गं, आखूड आतपर्यंत पोचत नाही.” हे माझ्या तिखट कानांनी टिपलं. मग कसला धीर धरतोय! शर्ट ओरबाडून काढला (बटणं इथे गेली), नाडीला हात घातला तर तीच तुटली. तसाच टेबलावर पालथा पडलो आणि म्हणालो, “बाई, खुशाल टोचा. भावासाठी देतोय, भूलबिल काही नको.” बाई म्हणाल्या, “आजोबा, जरा उठून बसता का?” (आजोबा! टोचलं ते हे.)

पुढचं काय सांगू? तोंडातून हूं की चूं काढलं नाही. दादाला सांगितलं तर त्याने डोळे पुसले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकवलं. चार पेशंट सलाईनसकट मला बघायला आले.

तुझा,
मधला

ता. क. – निकाल आला. माझी मज्जा जुळली नाही. दादा म्हणतो, “तुझी कधी कुणाशी जुळलीय?” हसतो, पण हल्ली जिना चढताना दोनदा बसतो. आता सख्खा असा तूच उरलास. सोमवारी ये.

आणखी ता. क. – सुई म्हटली की तू घर सोडून पळतोस, आणि वरचं वाचून तर येणारच नाहीस. म्हणून सांगून टाकतो. जुळलंच तर पुढे सुई आहे, पण तेव्हा भूल देतात आणि हात धरायला मी आहे. परवा मात्र सुई नव्हतीच. लांब काडीवर कापूस होता. तो त्यांनी माझ्या गालाच्या आतून फिरवला.